सातवी आवृत्ती

कार्बनच्या प्रतीवर उजव्या कोपऱ्यात सहाचा आकडा होता. तिथं सात पाहिजे होता.

प्रमोदिनीनं कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. कार्बन पुसट उमटतो, कधीकधी आकडे एकात एक मिसळतात, असं ती स्वतःलाच समजावत होती. पण सहा तो सहाच. मग तिची नजर खाली गेली. पहिलं नाव अंजनाबाईचं, घशाचा कॅन्सर, वेळ तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. दोन मिनिटं दोन सेकंद पाहिजे होती. परवाच तिनं तो आकडा स्वतः काढून पाहिला होता, त्यामुळे चूक आपल्या आठवणीत असेल असंही म्हणायची सोय नव्हती.

"वामनराव, वरचा कागद कुठं आहे?"

वामनराव टेबलावरचं दसऱ्याचं सुकलेलं सोनं गोळा करत होते. "गेला नं बाई. दवाखान्याचा शिपाई साडेआठलेच घेऊन गेला."

भिंतीवर नऊ पस्तीस झाले होते. दवाखान्यात पहिला पेशंट दहाला आत जातो.

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर सहा आणि सात यांचा एवढा बाऊ कशाला, असं कुणीही म्हणेल. साल सत्त्याऐंशी. सीताबर्डीवर एका इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर मनोहररावांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला बाहेर काढून आत यायचे. कॉलेजांचे निकाल, मतदारांच्या याद्या असली कामं तिथं चालायची, आणि त्यांत एक काम लकडगंजच्या पलीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं होतं. दवाखान्यात कॅन्सरच्या गाठी जाळायचं मशीन होतं. त्या मशीनच्या पोटात कोबाल्टचा एक तुकडा असतो, त्याला तिथले लोक सोर्स म्हणत. सोर्स दर महिन्याला थोडा थोडा विझत जातो, म्हणून पेशंटला दर महिन्याला थोडं जास्त वेळ मशीनखाली ठेवावं लागतं. किती वेळ, त्याचा तक्ता असतो. तक्त्यावरून रोजचा कागद सेंटरमधून निघायचा, आणि दवाखान्यात त्या कागदाबरहुकूम घड्याळ लावलं जायचं.

याच आठवड्यात जुना सोर्स काढून नवा बसवला होता. मुंबईहून माणूस आला, त्यानं मापं घेतली, आकडे दिले आणि बुधवारच्या गाडीनं परत गेला. नवा सोर्स जुन्याच्या जवळपास दुप्पट तेज. म्हणजे जुनी वेळ लावून पेशंटला नव्या सोर्सखाली झोपवलं, तर अंगात दुप्पट किरण जाणार. घशाच्या मागं मणका असतो. पुढचं सांगायची गरज नाही.

आणि हे सगळे तक्ते जिथं ठेवलेले असत तो प्रोग्रॅम प्रमोदिनीचा होता. त्याला सेंटरमध्ये सगळे वही म्हणत. तक्ता बदलला की जुना पुसायचा नाही, त्याच्या डोक्यावर नवा लिहायचा आणि त्याला पुढचा नंबर द्यायचा. रोजच्या कागदाच्या कोपऱ्यात तोच नंबर उमटायचा. पहिली आवृत्ती तळाशी, ताजी सगळ्यांत वर. कोणी कधी काय बदललं ते कायम दिसत राहायचं. प्रत्येक आवृत्तीच्या माथ्यावर एक ओळ असे: नंबर, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, आणि मधे उभ्या रेघा. ती ओळ वाचूनच प्रोग्रॅमला कळायचं की इथून काय सुरू झालं. ताजा तक्ता द्या म्हटलं की तो वरची ओळ वाचून ताजा तक्ता काढून द्यायचा. चांगली वस्तू होती. महाल भागातल्या कारकुनांच्या घराण्यातली पोरगी, जुना कागद फाडायचा नाही हे तिच्या रक्तातच होतं.

प्रमोदिनीनं खुर्ची ओढली आणि पडद्यावर वही उघडली. सातवी आवृत्ती होती की. वरच होती. तारीख खंडेनवमीची, आकडे सगळे नवीन सोर्सचे, एकही चुकलेला नाही. फक्त माथ्याच्या ओळीत नंबराच्या आधी दोन उभ्या रेघा होत्या, मग रोमन अक्षरांत श्री, मग आणखी दोन रेघा.

"वामनराव, हे काय?"

"काय बाई?"

"हे. श्री."

वामनराव जवळ आले. अठ्ठावन्न वर्षांचा सरळ माणूस, वहीत तक्ते भरायचं काम त्यांच्याकडे होतं. कॉम्प्युटर येण्याआधी बत्तीस वर्षं त्यांनी मिलच्या रेकॉर्ड खोलीत हातानं नोंदवह्या लिहिल्या होत्या, आणि कोरं पान श्री लिहिल्याशिवाय सुरू केलं असं एकदाही घडलं नव्हतं. "खंडेनवमी होती नं बाई. पूजा झाली, मशीनले हळदकुंकू लावलं, अन् मंग नवीन तक्ता भरला. नवीन सोर्स, लोकाइच्या जिवाचं काम. म्हणून लिहिलं." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते घाईनं म्हणाले, "पण मी काळजी घेतली हं. गुढीपाडव्याले वेगळ्या ओळीत लिहिलं होतं तं आपटला होता. म्हणून आता त्याच ओळीत लिहिलं, बाजूले."

प्रमोदिनीला रडावं की काय करावं ते कळेना. कारण चूक त्यांची नव्हती. तिची होती, आणि तिला ती लख्ख दिसत होती.

गुढीपाडव्याला काय झालं होतं? वामनरावांनी वहीच्या अगदी वर, वेगळ्या ओळीत, श्री लिहिलं होतं. प्रोग्रॅम नंबर शोधायला गेला, नंबराच्या जागी त्याला भलतंच सापडलं आणि तो कोसळला. नुसता कोसळला असता तरी चाललं असतं. पण मरताना लिहायला उघडलेली वही तशीच टाकून मेला आणि अर्धी वही कोरी झाली. तेही नेमकं दवाखान्याचे ट्रस्टी सेंटर बघायला आलेले असताना. प्रमोदिनीनं दोन दिवस खपून टेपवरच्या जुन्या प्रतीवरून वही परत उभी केली. मनोहररावांची लाजेनं मान खाली गेली होती, आणि मान खाली गेलेला मालक कसा असतो ते सांगायला नको. "मले प्रोग्रॅमिंग समजत नाही," ते म्हणाले होते. "मले एकच गोष्ट समजते. हा पुन्हा बंद पडला नाही पाहिजे. जगबुडी झाली तरी नाही. अन् पडद्यावर ते चुका-बिका काही दिसले नाही पाहिजे. लोकाइसमोर शोभा होते फुकट."

तिनं मालकाचं ऐकलं. आठ दिवस खपून तिनं प्रोग्रॅम असा केला की समजली नाही ती ओळ सोडून द्यायची, आणि समजणारी माथ्याची ओळ भेटेपर्यंत गुपचूप खाली जात राहायचं. सहा महिने तो एकदाही बंद पडला नाही. मनोहरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. आणि तीही फुशारकीत वामनरावांना म्हणाली होती, "आता काय पाहिजे ते लिहा, हा काही मरत नाही."

मेला नाही खरा. सातव्या आवृत्तीची माथ्याची ओळ त्याला समजली नाही, म्हणून त्यानं अख्खी सातवी आवृत्ती ओलांडली, सहावीपाशी गेला, ती समजली, आणि जुन्या सोर्सचा तक्ता नव्या तारखेच्या कागदावर नीटनेटका छापून दिला. ब्र काढला नाही.

ती फोनकडे धावली. दवाखान्याचा नंबर लागेना. तिसऱ्यांदा लागला, वाजत राहिला, आणि कुणीतरी उचलून म्हणालं, "ऑफिस अकरा वाजता उघडते. काल दसरा होता." तिनं सांगायला तोंड उघडलं, तोवर पलीकडून फोन ठेवलाही होता. पुन्हा लावला तर एंगेज. मशीनच्या खोलीत फोनच नव्हता.

"वामनराव, लावत राहा. कोणी उचललं तर सांगा, मशीन सुरू करू नका. एवढंच सांगा."

वामनरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण आपल्या श्रीमुळे काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं होतं. ते फोन फिरवायला लागले.

प्रमोदिनी लुनाची किल्ली घेऊन धावत जिना उतरली.

एरवी हा रस्ता वीस मिनिटांचा. पण ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. दीक्षाभूमीवर आलेले लाखभर लोक परत निघाले होते, आणि बर्डीचा रस्ता स्टेशनकडे चालणाऱ्या माणसांनी काठोकाठ भरला होता. पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडी, हातांत नवीन पुस्तकं, खांद्यावर लेकरं. कुणालाच घाई नव्हती. काल रात्रभर जागून समाधानानं घरी जाणारी माणसं, ती कशाला घाई करतील? पोलिसानं शिट्टी मारून तिला अडवलं आणि मागून जायला सांगितलं. ती लुनावरून उतरली आणि गाडी ढकलत गर्दीत शिरली. "जाऊ द्या, जाऊ द्या हो, दवाखान्यात जायचं आहे," असं ती म्हणत राहिली, आणि लोकांनी खरंच वाट दिली. एका म्हातारीनं विचारलं, "कोण आहे वं दवाखान्यात?" प्रमोदिनी गाडी पुढं ढकलत राहिली.

कोण होतं? अंजनाबाई तिची कोणीच नव्हती. काटोलजवळच्या खेड्यातली बाई, साठीची. पंधरा दिवसांपूर्वी प्रमोदिनी दवाखान्यात कागद घेऊन गेली होती तेव्हा बाकावर शेजारी बसली होती. गळ्याला मफलर, आवाज घोगरा. "तू डॉक्टरीण का वं?" तिनं विचारलं होतं. प्रमोदिनी म्हणाली, नाही मावशी, तुम्हाला किती वेळ मशीनखाली ठेवायचं ते मी काढते. त्यावर अंजनाबाई म्हणाली, "मंग बरोबर काढजो." तेवढीच ओळख. पण तेव्हापासून कागदावरच्या पहिल्या नावाला चेहरा आला होता, आणि आता तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

लोखंडी पुलाखालून निघेपर्यंत दहाला पाच कमी होते. पुढं रस्ता मोकळा होता. तिनं लुनाचा कान पिळला. गांधीबागेतली कापडाची दुकानं अजून बंद होती, फळ्यांवर झेंडूची तोरणं तशीच लटकत होती. मनात नाही नाही ते येत होतं. मशीन उशिरा सुरू झालं तर? चंपतरावांनी कागद पाहून म्हटलं असेल, अरे, नवा सोर्स आणि वेळ जुनीच कशी? चंपतराव म्हणजे मशीन चालवणारा माणूस, दहा वर्षांचा अनुभव. त्यांना कळायलाच हवं. पण त्याच चंपतरावांना तिनं स्वतः सांगितलं होतं, कागदावर असेल तीच वेळ लावायची, आपलं डोकं चालवायचं नाही. तेव्हा ते हसून म्हणाले होते, कॉम्प्युटर थोडाच चुकते. ते आठवलं आणि तिनं लुनाचा कान आणखी पिळला.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक विचार तिच्या मनात आला. आपण पोचलोच नाही तर? कागदावर आकडा आहे, आकड्याखाली कुणाची सही नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, पडद्यावर चूक आली नाही. अंजनाबाईचा घसा जळाला तर डॉक्टर म्हणतील, आजारच तसा आहे. कोणाला काही कळणार नाही. कधीच कळणार नाही. हा विचार तिला सुटकेसारखा वाटला नाही. त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

दवाखान्याच्या फाटकाशी तिनं लुना टाकली, स्टँडही लावला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर अकरा माणसं बसली होती. अंजनाबाई त्यांत नव्हती. बोळाच्या टोकाला मशीनच्या खोलीचं जाड दार होतं आणि दारावर तांबडा दिवा लागलेला होता.

"बंद करा," ती म्हणाली. चंपतराव काचेसमोर स्टुलावर बसले होते, समोर घड्याळाचा काटा फिरत होता. "चंपतराव, बंद करा मशीन."

"काहून? अजून अर्धं मिनिट आहे."

तिनं त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि लाल बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, दिवा विझला. काटा तीन मिनिटं अकरा सेकंदांवर थांबला होता. दोन मिनिटं दोन सेकंदांना थांबायला हवा होता.

"कितवी आहे ही आज?"

"पहिलीच. झाडझूड करता करता उशीर झाला." चंपतराव तिच्या तोंडाकडे पाहत होते. "काय झालं बाई?"

तिनं सांगितलं. चंपतरावांनी कागद उचलला, आकडा पाहिला, नव्या सोर्सचा हिशेब त्यांच्याही डोक्यात फिरला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते उठून दार उघडायला गेले, परत आले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक मिनिटच जास्त गेलं, ताई. बाहेर कोणाले मालूम नाही. बाकीच्याइची वेळ आपण बरोबर लावू. माह्यं दोन पोरीचं लग्न बाकी आहे."

ते वाईट माणूस नव्हते. भ्यालेले होते, आणि तीही भ्यालेली होती. तेवढ्यात चंपतरावांनी दार लोटलं, अंजनाबाई मफलर गुंडाळत बाहेर आली आणि प्रमोदिनीला पाहून ओळखीचं हसली. त्या हसण्यानं चंपतरावांच्या बोलण्यातला सगळा शहाणपणा संपला.

"मी डॉक्टरांकडे जाते," प्रमोदिनी म्हणाली. "तुम्ही कोणालाच आत घेऊ नका."

डॉक्टर अरुंधती तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही, आणि त्यामुळे प्रमोदिनीला आणखीच धडकी भरली. मग त्यांनी कागदावर गुणाकार केला.

"आज दीडपटीहून थोडं जास्त गेलंय," त्या म्हणाल्या. "एका दिवसाचं आहे. दोन दिवस बंद ठेवू, पुढचं कमी करू. घसा सोलवटेल, आठ दिवस पाणी गिळताना ओरडेल बाई. जिवावरचं नाही." त्यांनी पेन ठेवलं. "पंधरा दिवस असं चाललं असतं तर मणक्यातली नस गेली असती. हातपाय लुळे पडले असते. आणि बारा पेशंट आहेत."

"माहीत आहे."

"आणि मी म्हटलं असतं, आजार पसरला."

त्या हे रागानं बोलल्या नाहीत. त्यांनाही भीती वाटत होती, हे प्रमोदिनीला तेव्हा कळलं.

त्यांच्याच टेबलावरून तिनं सेंटरला फोन केला. मनोहरराव आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लाइट गेली होती असं सांग. घड्याळ अटकलं. कॉम्प्युटरचं नाव काढलं तं सेंटर बंद होईन, समजलं का?"

"मी डॉक्टरांना सांगितलं आहे."

"मंग पेशंटले सांगू नको. तेवढी तरी अक्कल ठेव. तुही नोकरी ठेवायची की नाही ते सोमवारी पाहू."

तिनं फोन ठेवला. डॉक्टर अरुंधती म्हणाल्या, "मी सांगते तिला."

"नको. मीच सांगते."

म्हणाली खरी, पण बोळातून व्हरांड्यापर्यंतची ती तीस पावलं तिला गर्दीतल्या रस्त्याहून लांब वाटली. मार खायला निघाल्यासारखी ती चालली होती. आणि मार मिळाला असता तर बरंच होतं.

अंजनाबाई बाकाच्या टोकाला बसली होती. मुलगा तिला सोमवारी पोचवायचा आणि शनिवारी न्यायला यायचा. बाकी दिवस ती धर्मशाळेत एकटीच. "आज लवकर थांबवलं का वं?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. उशिरा थांबवलं." प्रमोदिनी तिच्याजवळ बसली. "तुम्हाला आज जास्त लागलंय. चूक झाली. माझी चूक झाली."

अंजनाबाईचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"कशी काय?"

कॉम्प्युटर, प्रोग्रॅम, आवृत्ती, यातलं काहीही सांगून उपयोग नव्हता. प्रमोदिनीनं शब्द शोधले. "एक वही आहे. वरच्या पानावर तुमची नवीन वेळ लिहिली होती. ते पान यंत्राला वाचता आलं नाही. मग त्यानं खालचं जुनं पान वाचलं आणि तीच वेळ कागदावर लिहून पाठवली."

"वाचता नाही आलं तं विचारायचं नं वं," अंजनाबाई म्हणाली. "मले वाचता येत नाही. मी विचारतो. बसवर पाटी कोणती आहे, गोळी कोणती आहे, विचारतो. त्यानं काहून नाही विचारलं?"

प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस खपून केलेल्या कामाचा असा निकाल तिच्या पुढ्यात कुणीच ठेवला नव्हता. "मी त्याला गप्प बसायला शिकवलं होतं, मावशी. समजलं नाही तर सांगू नको, पुढं चाल, असं शिकवलं होतं."

"कायले?"

"थांबला की लोक हसतात म्हणून."

अंजनाबाईनं मफलर घट्ट ओढून घेतला. बाकावरची माणसं त्यांच्याकडे पाहायला लागली होती. तिचा श्वास मफलरमधून घरघरत होता, आणि एकदम तिची हनुवटी थरथरायला लागली. "मी मरीन का आता?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, नाही. घसा दुखेल, खूप दुखेल. पण नाही."

"तू काय म्हणतं?"

"मला डॉक्टरकी येत नाही. मला फक्त भीती वाटतेय."

"मंग मी येऊ का नको येऊ?"

या प्रश्नाला ती सकाळपासून भीत होती. "यावं लागतं मावशी. नाही आलात तर गाठ वाढेल. मंगळवारपासून पुन्हा."

"म्हणजे इकडं आड अन् तिकडं इहीर," अंजनाबाई म्हणाली आणि रडायला लागली. तिला नीट रडताही येत नव्हतं, घशातून नुसता हवेचा आवाज येत होता. प्रमोदिनीनं तिचा हात धरायला हात पुढं केला. अंजनाबाईनं तो झिडकारला. मग तिच्याकडे न पाहता ती म्हणाली, "मंगळवारी तू येजो. कागद कोणाच्या हाती नको धाडू. तू आणजो."

रविवारी सेंटर बंद असतं. प्रमोदिनी किल्ली मागून घेऊन गेली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी बसली. ओळ समजली नाही तर सोडून द्यायची ही जी सोय तिनं केली होती, ती तिनं मुळासकट काढली. आता प्रोग्रॅम ओळ समजली नाही की थांबणार होता, पण पूर्वीसारखा मरणार नव्हता. लिहायला घेतलेली वही आधी जशीच्या तशी मिटून ठेवणार, मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत सांगणार की अमुक ओळ मला वाचता आली नाही, कुणीतरी येऊन पाहा. आणि माणूस येऊन पाहीपर्यंत कागद छापणार नाही. तिनं त्याला श्री लिहून पाहिलं, अर्धी ओळ देऊन पाहिली, कोरं पान देऊन पाहिलं. प्रत्येक वेळी तो थांबला आणि ओळीचा नंबर सांगितला.

सोमवारी तो दोनदा थांबला. एकदा तारखेत महिना राहिला होता, एकदा कुठंतरी रेघ जास्त पडली होती. कॉलेजचे लोक निकालासाठी ताटकळले. मनोहरराव केबिनमधून बाहेर आले आणि पडद्यावरची अक्षरं पाहून त्यांचा पारा चढला. "पुन्हा सुरू झालं का हे बंद पडणं?"

"बंद पडला नाही," प्रमोदिनी म्हणाली. "विचारून राहिला आहे." "हे काढायचं असेल तर दुसरं कोणी बघा. मी काढणार नाही."

मनोहररावांनी तिला काढलं नाही. तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला कळत नव्हता, एवढंच त्याचं कारण. वामनराव तेवढ्यात पुढं आले, कोणती ओळ अडली ते त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि जास्तीची रेघ काढून टाकली. त्यांनी त्या दिवसापासून वहीत श्री लिहिलं नाही. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर लिहीत आणि मग कामाला बसत.

मंगळवारी प्रमोदिनी स्वतः कागद घेऊन गेली. कोपऱ्यात सात होता. तरी तिनं वाटेत दोनदा लुना थांबवून तो पाहिला. दवाखान्यात पोचल्यावर प्रत्येक नावापुढची वेळ तिनं पेन्सिलीनं पुन्हा काढली आणि चंपतरावांनाही वेगळी काढायला लावली. दोघांचे आकडे जुळले. डॉक्टर अरुंधतींनी अंजनाबाईची वेळ आणखी कमी करून खाली सही केली.

अंजनाबाई बोळात उभी होती. तीन दिवसांत तिचा आवाज पार गेला होता, ओठ सुकले होते. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभा होता आणि प्रमोदिनीकडे असा पाहत होता की तिला नजर उचलवेना.

"बरोबर आहे का आज?" अंजनाबाईनं विचारलं. ऐकायला वाकावं लागलं.

"तिघांनी पाहिलंय, मावशी. बरोबर आहे."

"तुले भेव वाटून राह्यलं का?"

खोटं बोलायची सोय नव्हती. तिचे हात कापताना सगळ्यांना दिसत होते. "हो."

"लय?"

"लय."

अंजनाबाईनं मफलर सोडून मुलाच्या हातात दिला.

"मंग जाऊ दे मले आत," ती म्हणाली.